शेवटच्या गल्लीपर्यंत इंटरनेट : सांगलीच्या वस्तीत काम कसं उभं करायचं

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या जूनमध्ये आमच्या गल्लीतली एक मुलगी शेजाऱ्यांच्या वायफायवर फॉर्म उघडून खोलीत बसली होती. तिची आई फोन घेऊन गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ उभी, कारण खोलीत मोबाइलला रेंजच येत नाही. ओटीपी आला की आईनं वरून आकडे ओरडायचे. "चार... शून्य... सात... पुढचं दिसंना गं, स्क्रीन बंद झाली!" तोवर वेळ संपली. तिसऱ्या खेपेला जमलं. गल्लीच्या तोंडाशी, जेमतेम दोनशे पावलांवर, खांबावरून फायबरची केबल गेलेली आहे.

ही दोनशे पावलं पार करायला काय काय करावं लागतं, ते इथं क्रमानं लिहिते. आम्ही सांगलीत नदीकडच्या सखल भागात राहतो, त्यामुळे पुराचा विषय यात येणारच. बाकीची पद्धत मिरजेत, कुपवाडात किंवा साताऱ्याच्या एखाद्या पेठेतही तशीच लागू पडेल. राउटर, अँटेना, कंपनीचा प्लॅन हे सगळं नंतर. सुरुवात शंभर पानी वहीनं करा.

वही घेऊन दारोदार

दोघांनी मिळून फिरायचं, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, दिवेलागणीची. दुपारी गेलात तर कामावर जाणारी माणसं भेटत नाहीत आणि नेमकी त्यांचीच अडचण वहीत येत नाही.

"घरात इंटरनेट आहे का?" हा प्रश्न विचारू नका. सगळे हो म्हणतात, कारण घरात एक स्मार्टफोन असतो. पण तो फोन दिवसभर नवऱ्याच्या खिशात मार्केट यार्डात फिरत असतो, हे त्या 'हो'मध्ये दिसत नाही. त्यापेक्षा असं विचारा : गेल्या महिन्यात इंटरनेटमुळं कोणतं काम अडलं? घरात फोन किती, आणि दुपारी ते कोणाच्या हातात असतात? रोजचा डेटा साधारण किती वाजता संपतो? सगळ्यांच्या रिचार्जला मिळून महिन्याला किती जातात? वायरची जोडणी मागितली होती का, आणि कंपनीनं काय सांगितलं? घर भाड्याचं असेल तर मालक भिंतीला भोक पाडू देतात का? २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?

शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो, पण बहुतेक घरांत उत्तर भिंतीवरच असतं. हात वर करून दाखवतात, इथवर. ती उंची वहीत लिहून घ्या.

आधार क्रमांक, बँक, उत्पन्न यातलं काहीही विचारायचं नाही. मोबाइल क्रमांक स्वतःहून दिला तरच घ्यायचा आणि कशासाठी घेतला ते तिथंच सांगायचं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, तो माहीत हवाच. पण कायदा नसता तरी ही काळजी घ्यायला हवी होती. एकदा का "ही लोकं माहिती गोळा करतात" अशी कुजबुज सुरू झाली की पुढची दारं उघडत नाहीत.

पन्नासेक घरं झाली की पानं उलटून बघा. एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी सापडतील. काहींपर्यंत वायर किंवा रेंज पोचतच नाही. काहींच्या दारात सगळं आहे, पण महिन्याचे पैसे झेपत नाहीत. आणि काहींना, विशेषतः साठीच्या पुढच्यांना, फोन हातात असूनही रेशनचं ई-केवायसी करता येत नाही, म्हणून ते सेवा केंद्रात रांग लावतात. पहिल्या दुखण्याला कंपनी आणि महापालिका गाठावी लागते, दुसऱ्याला सामायिक व्यवस्था लागते. तिसऱ्याला आठवड्यातून दोन तास देणारी कॉलेजची पोरं पुरतात. तिन्हींवर एकच औषध द्यायला गेलात तर एकही बरं होत नाही.

वेग मोजा, तोही एकाच जागी

ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याचं मायस्पीड नावाचं ॲप आहे, ते दोन-तीन फोनवर घ्या. सात दिवस, रोज तीनदा मोजायचं : सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. जागा बदलायची नाही. खडूनं फरशीवर खूण केली तरी चालेल. वहीत तारीख, वेळ, कंपनी, वर जाणारा आणि खाली येणारा वेग लिहायचा.

रात्री नऊचा आकडा सगळ्यात बोलका असतो. सकाळी ४० आणि रात्री ३ येत असेल, तर तुमच्या भागातल्या पुरवठादारानं एकाच वाहिनीवर झेपेल त्यापेक्षा जास्त घरं चढवलेली असण्याची दाट शक्यता आहे. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी एकदा राउटरला लॅपटॉप केबलनं जोडून मोजा. केबलवर वेग नीट येत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे, कंपनीचा नाही. पत्र्याच्या भिंतीतून वायफाय जात नाही, हे आमच्याकडं वारंवार निघालं.

वेग एमबीपीएसमध्ये सांगतात आणि फाइल एमबीमध्ये मोजतात. मधे आठपटीचा फरक आहे : १६ एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला २ एमबी उतरतं. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस मिळालं तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. तुमचा रात्रीचा आकडा २ च्या खाली असेल तर "नेट स्लो आहे" असं लिहू नका, "मिळते ती सेवा ब्रॉडबँडच्या व्याख्येत बसत नाही" असं लिहा. टेबलापलीकडच्या माणसाला दुसरं वाक्य बाजूला सारता येत नाही.

बैठक

जागा निवडताना एकच कसोटी लावा : गल्लीतली सगळ्यात संकोची बाई तिथं येऊन बसेल का? पक्षाचं कार्यालय नको, तालमीचा कट्टाही नको. आम्ही अंगणवाडीच्या पटांगणात, रविवारी दुपारी चारला बसलो.

पहिल्याच बैठकीत एक काका उभे राहिले. "जे पैसे देतील त्यांना आधी द्या, बाकीच्यांचं मागनं बघू." बोलणं व्यवहाराचं होतं आणि माना डोलत होत्या. तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "आवं, नळाच्या वेळी पण असंच ठरलं हुतं. आमच्याकडं पाणी यायला सात वर्सं लागली." त्यावर कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी एक नियम ठरला आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला : वायफायचं पहिलं यंत्र वहीत सगळ्यात वाईट आकडा असलेल्या गल्लीत बसेल. शेवटच्या गल्लीपासून सुरुवात केली की मधल्या गल्ल्या आपोआप वाटेत येतात. तोंडाशी सुरुवात केली की काम तोंडाशीच थांबतं, हे आम्ही नळ, गटार आणि रस्ता या तिन्हींत पाहिलं आहे.

बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवा. पत्रांवर सह्या कोण करणार, पैसे कोणाकडं राहणार, आणि हिशेब कोण तपासणार. तिन्ही माणसं वेगळी हवीत.

नवी संस्था काढण्याच्या भरीस सुरुवातीला पडू नका. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, सोसायटी नोंदणीला सात, आणि दोन्हीकडं कागदपत्रांतच उत्साह संपतो. वस्तीत आधीच नोंदणी असलेलं गणेश मंडळ, वाचनालय किंवा बचत गटांचा संघ असेल तर त्याच्या ठरावावर काम सुरू करा. वर्षभर टिकलात की सहकारी संस्थेचा विचार जरूर करा. आपल्या जिल्ह्याला साखर, दूध आणि पाणी सहकारातून उभं करण्याची सवय आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ पासून लोकांनी मिळून गुइफी नावाचं इंटरनेटचं जाळं उभं केलं आहे, आणि पालघरच्या खेड्यांत आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं गावपातळीवर हाच प्रयोग केला. म्हणजे हे होऊ शकतं.

कंपनीशी बोलणी

तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. ग्राहक सेवेला फोन केला की तक्रार क्रमांक मागा आणि वहीत चिकटवा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ही पायरी बहुतेक लोकांना माहीतच नसते.

जोडणीच नसलेल्यांचं काय? एका कंपनीनं आम्हाला चार वेळा "तुमच्या भागात फिजिबल नाही" एवढंच सांगितलं. पाचव्या वेळी आम्ही हातानं काढलेला नकाशा घेऊन गेलो. त्यावर खांब कुठं कुठं आहेत, जोडणी घेणारी घरं कोणती, कोणत्या घरमालकांची लेखी संमती आहे, हे सगळं होतं. त्यांचा माणूस पहिल्यांदा गल्लीत आला तो त्यानंतर. कंपनीला दयेनं हलवता येत नाही, पण एका फेरीत वीस जोडण्या लागणार असतील तर ती हलते. हा नकाशा दोन-तीन कंपन्यांना आणि बीएसएनएललाही एकाच दिवशी द्या, आणि प्रत्येकाला सांगा की दुसऱ्यांनाही दिला आहे.

एका बाबतीत सावध राहा. "सगळ्या वस्तीचं काम आम्हालाच द्या, दुसरं कोणी येऊ देऊ नका" असा प्रस्ताव येईल, सोबत मंडळाला देणगीही येईल. घेऊ नका. वर्षभरानं दर वाढले की तुमच्याकडं जायला दुसरं दार उरत नाही.

महापालिकेचं दार

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत ७८ नगरसेवक आहेत. एका प्रभागातून एकापेक्षा जास्त निवडून येतात, त्यामुळे निवेदन सगळ्यांना द्यायचं, आपल्या ओळखीच्या एकट्यालाच नाही. प्रत आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन कोणालाच मिळालेलं नसतं.

निवेदनात एक ओळ जरूर घाला : ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंध व्यक्तींना ई-केवायसी करता येत नव्हतं त्यावरचा होता. आमच्या साठीच्या पुढच्या लोकांची गोष्ट त्याहून फार लांबची नाही.

निवेदनाआधी माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून पाल्हाळ नको. आम्ही दिलेला मजकूर साधारण असा होता :

"विषय : प्रभाग क्र. __ मधील दूरसंचार केबल व सार्वजनिक वायफाय. कालावधी : मागील तीन वर्षे. १) या प्रभागात ऑप्टिकल फायबर केबल टाकण्यास किंवा खांबांच्या वापरास दिलेल्या परवानग्यांची यादी, मार्गाच्या नकाशासह. २) त्यापोटी जमा झालेली रक्कम. ३) महापालिकेने किंवा तिच्या परवानगीने बसविलेल्या सार्वजनिक वायफाय ठिकाणांची यादी व सध्याची स्थिती. ४) या प्रभागातील महापालिकेच्या शाळा, वाचनालये व आरोग्य केंद्रांतील इंटरनेट जोडण्यांचा वेग व मासिक खर्च."

खासगी कंपन्यांना हा कायदा थेट लागू होत नाही, म्हणून प्रश्न महापालिकेकडच्या कागदांबद्दलच विचारायचे. चौथ्या प्रश्नाच्या उत्तराकडं नीट बघा. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात जोडणी असेल आणि संध्याकाळी ती पडून राहत असेल, तर नवं काही मागण्याआधी तिथं दोन तासांची अभ्यासिका मागा. कमी पैशात सगळ्यात लवकर मिळणारी गोष्ट हीच आहे.

केबलसाठी रस्ता खोदण्याचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. तेव्हा "परवानगीचं काही धोरणच नाही" हे उत्तर कोणी दिलं तर स्वीकारू नका. लोकशाही दिनाला अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तारीख चुकवू नका. आणि निधी हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीतच मागा. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं, एप्रिलमध्ये गेलात तर वर्ष गेलं. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठीचा राखीव निधी अभ्यासिकेला लागू शकतो का, हे लेखी विचारा.

आपलं स्वतःचं वायफाय : पीएम-वाणी

घरची एक जोडणी घेऊन शेजाऱ्यांकडून पैसे घेत वाटायची, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. संघटनेच्या नावानं हे करू नका. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, आणि कोणी त्या जोडणीवरून गैरप्रकार केला तर पोलीस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारात येतात.

सरळ मार्ग आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ ज्यांना आठवतात त्यांना ती लगेच कळेल. किराणा दुकान, वाचनालय, मंडळ, कोणीही 'पब्लिक डेटा ऑफिस', म्हणजे पीडीओ होऊ शकतं. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. त्याच्यावर 'पीडीओए' म्हणजे अनेक पीडीओंना जोडणारी कंपनी असते. ती दूरसंचार विभागाकडं नोंदलेली असते, लोकांची ओळख पटवणं आणि हिशेब तिच्याकडं. वापरणारा ॲपमधून जोडला जातो. पीडीओए निवडताना चार गोष्टी लेखी घ्या : वापरणारा डेटासाठी जे कूपन विकत घेतो त्याच्या पैशातला त्यांचा वाटा किती, यंत्र त्यांचंच घ्यावं लागेल का, बिघाड झाला तर माणूस किती दिवसांत येणार, आणि फुकट वायफाय ठेवायचं असेल तर चालेल का.

योजना बरीच वर्षं रखडली, कारण कंपन्या पीडीओंना महागडी लीज्ड लाइन, म्हणजे धंद्यासाठीची स्वतंत्र जोडणी घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायनं आदेश काढला : २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायचे, आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक नसेल, म्हणून आदेशाची छापील प्रत सोबत न्या.

हिशेब मांडून बघू. समजा घरगुती १०० एमबीपीएसचा प्लॅन ७०० रुपयांचा आहे. पीडीओला जास्तीत जास्त १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५२. विजेला १०० आणि दुरुस्तीला दरमहा ५०० बाजूला टाकले तर झाले २,२५२. पंचेचाळीस घरांनी पन्नास-पन्नास रुपये काढले की जवळपास भागतं. शाळेचा साधा ऑनलाइन तास व्हिडिओवर बघायला अडीच एमबीपीएस पुरतं, त्यामुळे प्रत्येकाला ५ ची मर्यादा घातली तर वीस जण एकाच वेळी नीट बसतात. ही मर्यादा घालाच, नाहीतर एका फोनवर गेम उतरत असताना दुसरीकडं परीक्षेचा फॉर्म अडकतो. मर्यादा मात्र माणसागणिक घालायची. कोणतं ॲप चालेल आणि कोणतं नाही, हे ठरवण्याचा अधिकार मंडळानं हातात घेऊ नये.

आमची एक चूक सांगते. ॲपमध्ये पहिल्यांदा नोंदणी करताना ओटीपी लागतो, आणि जिथं रेंज नाही तिथंच आम्ही नोंदणीचं टेबल मांडलं! नोंदणी गल्लीच्या तोंडाशी करून घ्या, मग माणसाला आत पाठवा.

जागा, वीज आणि पाणी

पोरं जिथं रात्री उभी असतात त्या कट्ट्यावर वायफाय लावलं तर ते फक्त पोरांचं होतं. आमच्याकडं ते अंगणवाडीच्या भिंतीवर आहे, त्यामुळे बायका पायरीवर बसून आरामात वापरतात. जागा ठरवताना मुलींना एकटं विचारा, बैठकीत त्या बोलत नाहीत.

बाहेर लावायचं यंत्र बाहेरच्या वापराचंच घ्या. नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढं ओढू नका, त्याहून लांब असेल तर फायबर. दोन गच्च्यांमध्ये वायरलेस दुवा टाकायचा असेल तर ५ गिगाहर्ट्झची यंत्रं विनापरवाना चालतात. फक्त मधे आडकाठी नको, आणि मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा श्रावणात चिंचेच्या पानांनी बंद होते, हे लक्षात ठेवा. गच्चीवरच्या खांबाला अर्थिंग हवंच. वळवाच्या विजा यंत्र एका रात्रीत जाळतात.

वीज गेली की नेट जाऊ नये म्हणून राउटरचा छोटा यूपीएस लावा. पण फायबरचा डबा आणि बाहेरचं यंत्र दोन्हींना वीज लागते. बाहेरचं यंत्र केबलमधूनच वीज घेणारं असेल तर साध्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर चालत नाही, तशी सोय असलेला घ्यावा लागतो. दुकानात यंत्राच्या मागचा व्होल्टचा आकडा दाखवूनच खरेदी करा.

आता पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. पुरात आधी वीज बंद करतात, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, आणि नातेवाइकांना "आम्ही ठीक आहोत" एवढंही कळवता येत नाही. म्हणून वहीतल्या त्या भिंतीवरच्या खुणा काढा आणि फायबरचा डबा सगळ्यात वरच्या खुणेपेक्षा हातभर वर, जमलं तर गच्चीच्या जिन्यात बसवा. आमच्या गल्लीत एका घरी कंपनीच्या माणसानं तो कमरेच्या उंचीवर ठोकला होता. तो म्हणाला, इथंच खिळा होता. त्याच भिंतीवर डब्याच्या चार फूट वर पुराची पिवळट रेघ अजून दिसते.

पैसे आणि पाळी

वर्गणी पावती पुस्तकावरच घ्या, पाच रुपये असले तरी. दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्चाचा कागद अंगणवाडीच्या दारावर चिकटवायचा. ज्यांना जमत नाही त्यांची नावं त्यावर लिहायची नाहीत. ती सूट कोणाला द्यायची हे दोन बायकांनी ठरवायचं आणि आपल्यापाशीच ठेवायचं. पैसे थकले म्हणून परीक्षेच्या महिन्यात कोणाचं नेट तोडायचं नाही, हा आमचा दुसरा लेखी नियम.

यंत्राकडं रोज बघायला एक माणूस नेमलात तर तो तीन महिन्यांत कंटाळतो. आठवड्याची पाळी लावा, आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी शिकवा : फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला तर कंपनीला फोन, हिरवे दिवे असून नेट नसेल तर पीडीओएला फोन, एकही दिवा नसेल तर आधी प्लग बघायचा. दोन्ही क्रमांक डब्यावर मोठ्या अक्षरात चिकटवलेले हवेत.

दर सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा आणि त्याच खुणेवर उभं राहून वेग मोजा, पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर चढायचं. केबलचे जोड टेपनं बंद करा, यूपीएस एकदा वीज काढून चालवून बघा, अर्थिंगची तार हलवून बघा. पाणी ४० फुटांवर आलं की तळमजल्यावरचं यंत्र कोण काढणार आणि कोणाच्या गच्चीत ठेवणार, ती दोन नावं त्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.